गुमास्ता, मुनीम, मॅनेजर

मुंबईकडे दुकानाच्या नोंदणीच्या कागदाला लोक अजूनही 'गुमास्ता' म्हणतात. आपल्याकडे वऱ्हाडात 'शॉप अॅक्ट' म्हणायची चाल जास्त. मुंबईचा एखादा नातेवाईक 'गुमास्ता काढला का?' असे विचारतो, तेव्हा आमच्या पोरांना वाटते की कुणा माणसाबद्दल विचारणे चालले आहे. तसे वाटण्यात चूक काही नाही. शब्द मुळात माणसाचाच आहे. फारसीत 'गुमाश्तन' म्हणजे नेमणे, आणि गुमाश्ता म्हणजे नेमलेला. मालकाने आपल्या वतीने काम बघायला बसवलेला माणूस. दुकानात राबणाऱ्या नेमलेल्या माणसांसाठी कायदा झाला, त्या कायद्याला लोकांनी माणसाचेच नाव दिले, आणि मग माणूस गळून पडला, भिंतीवरचा कागद तेवढा उरला.

दोन भाषा शिकवत असल्यामुळे मला शब्दांमागे जायची खोड आहे. 'मुनीम' घ्या. अरबी 'मुनीब'वरून हा शब्द आला, आणि मुनीब म्हणजे दुसऱ्याला नायब नेमणारा, म्हणजे खरे तर मालक. बाजारात येता येता नेमणाऱ्याचा शब्द नेमलेल्याला चिकटला. (कुराणात हजरत इब्राहीम यांच्यासाठी 'मुनीब' आला आहे, पण तिथे अर्थ वेगळा, अल्लाहकडे वळणारा.) 'रजा' तर सगळ्यात बोलका शब्द. उर्दूत रज़ा म्हणजे मर्जी, संमती. मराठीत रजा म्हणजे सुट्टी. हा अर्थ कसा बदलला असेल ते सांगायला कोश लागत नाही. सुट्टी शेठच्या मर्जीनेच मिळायची, म्हणून मर्जीचेच नाव सुट्टीला पडले.

ही जुळवाजुळव सुचायचे कारण म्हणजे माझा एक जुना विद्यार्थी. बी.कॉम. करताना तो आमच्या गावात कापडाच्या दुकानात रोजावर जायचा. पदवी झाल्यावर अकोल्याला एका साखळी दुकानात लागला आणि चार वर्षांत तिथे डिपार्टमेंट मॅनेजर झाला. ईदला मिठाई घेऊन आला तेव्हा त्याच्या अब्बांचा चेहरा बघण्यासारखा होता. 'सर, पोरगा म्यानेजर झाला.' दुकानातला पोऱ्या मॅनेजर होतो ही गोष्ट त्या घराला नवी होती. पण वऱ्हाडच्या बाजाराला ती किती नवी आहे, आणि नेमके काय नवे आहे, ते मला तपासून बघावेसे वाटले.

आमचे कारंजा हे जुने व्यापारी गाव. १६७० मध्ये सुरतेवरच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंज्यावर छापा घातला. मिळालेला माल चार हजार बैल आणि गाढवांवर लादून नेला, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. आकड्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी एवढा माल असायला गावात पेढ्या हव्यात, कोठारे हवीत, आणि तो मोजणारी, बांधणारी, लिहिणारी माणसे हवीत. मालकांचा इतिहास काही ना काही सापडतो. मोजणाऱ्या आणि बांधणाऱ्यांची मात्र नोंद नाही. गुमास्त्याची नोंद इतिहासात होते ती तो दांडगाई करतो तेव्हा. ईस्ट इंडिया कंपनीने १७५३ मध्ये बंगालात दादनी व्यापाऱ्यांना बाजूला सारून आपले पगारी गुमास्ते विणकरांवर बसवले. त्यांच्या जुलमाची कागदपत्रे भरपूर आहेत. दुकान झाडून, दिवाबत्ती करून, रात्री गादीखालीच झोपणाऱ्या पोऱ्याची कागदपत्रे कोण ठेवणार?

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. पुढे रेल्वे, जिनिंग-प्रेसिंग, दलाल, अडते हे सगळे वाढत गेले. आणि मग १८८६ मध्ये एक गोष्ट घडली, जी शेतमाल विक्रीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते पण आमच्या गावातल्या मुलांना कुणी सांगत नाही : हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला, तो कारंज्याला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा वेगळा कायदा झाला, आणि पुढे इतर प्रांतांनी त्याच्यावरून आपापले कायदे बेतले.

त्या व्यवस्थेत मापारी परवान्याचा असे, दलाल परवान्याचा असे. वजन कसे करायचे, काय कापायचे, वाद झाला तर कुणाकडे जायचे, हे ठरवून दिलेले होते. समितीत व्यापाऱ्यांचाच भरणा होता आणि मुख्य काळजी मँचेस्टरला शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा ही होती, हे खरे. तरी शेतकऱ्याच्या मापावर कायद्याचा हात आला. माझे लक्ष वेधते ते वेगळेच. कायदा दुकानाच्या ओट्यापर्यंत आला, तराजू तपासला, आणि तिथूनच परत गेला. आत बसून पहाटेपासून रात्रीपर्यंत हिशेब लिहिणारा माणूस किती तास बसतो, त्याला सुट्टी कधी, हे विचारायला कायद्याला आणखी ६१ वर्षे लागली.

तोवर पेढीवर वर चढायचा मार्ग नव्हता असे नाही. पोऱ्या म्हणून लागायचे, पाणी भरायचे, उधारीच्या तगाद्याला फिरायचे, मग मापावर बसायचे, मग रोकड हातात यायची. रोजकीर्द, मग खतावणी. हुशार निघाला आणि विश्वासाचा असला तर मुनीम. मारवाडी पेढ्यांत दूरच्या गावची अख्खी दुकाने मुनीमच चालवत, आणि काही मुनीमांना नफ्यात हिस्साही मिळे. मुलुखातून नव्याने आलेल्या पोरांच्या जेवणाराहण्यासाठी मोठ्या शहरांत 'बासे' असत. तिथे राहून कारकुनी शिकलेल्यांपैकी कितीतरी पुढे स्वतःच शेठ झाले. म्हणजे आज ज्याला स्टोअर मॅनेजर म्हणतात, तो माणूस शंभर-दीडशे वर्षांपूर्वीही होता. माल, रोकड, नोकर, उधारी हे सगळे त्याच्या अंगावर होते.

फक्त ती शिडी घराच्या आत होती. मुनीम व्हायचा तो बहुतेक आपल्या मुलखातला, आपल्या जातीतला, कुणाचा तरी भाचा किंवा साडू. वह्या महाजनी लिपीत. ती लिपी शाळेत शिकवत नसत, पेढीवर बसूनच शिकावी लागे, आणि कुणाला बसू द्यायचे ते शेठ ठरवी. यात एकाच समाजाला बोल लावणे बरोबर नाही. मेमन आणि बोहरी दुकानांतही आपल्याच जमातीचा मुलगा गल्ल्यावर बसे. बाहेरच्याने माल उचलावा, बांधावा, पोचवावा. उधारीवर चालणाऱ्या धंद्यात हिशेबाची वही हीच सगळी दौलत, तेव्हा ती परक्याच्या हाती न देण्यात व्यवहारही होता. पण परिणाम असा की आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा एका कापडाच्या दुकानात तरुणपणी लागले, केस पांढरे झाले तरी 'माल दाखवणारे'च राहिले. कापडाची पारख अशी की नुसत्या बोटाने पोत सांगत. गल्ला शेठच्या पुतण्याकडे, जो त्यांच्याच हाताखाली थान उलगडायला शिकला. चाचांच्या बोलण्यात त्याबद्दल कडवटपणा कधी आला नाही. ती गोष्ट त्यांना पावसाळ्यासारखी वाटत असे.

मुंबई प्रांताने १९३९ मध्ये दुकाने व आस्थापनांचा कायदा केला. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे आपल्याला तो नव्हता. आपल्याकडे सी.पी. अँड बेरारचा दुकाने व आस्थापना कायदा झाला तो १९४७ मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी याच प्रांताचा विक्रीकर कायदाही झाला. या जोडीकडे कुणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही, पण पेढीचे दार बाहेरून ढकलले ते या दोघांनी मिळून, असे माझे मत आहे. एकाने नोकराची हजेरी कागदावर आणली. दुसऱ्याने शेठची वही अधिकाऱ्याला वाचता यावी अशी करायला लावली. महाजनी लिपीत लिहिलेले अधिकाऱ्यापुढे किती दिवस चालणार? हळूहळू हिशेबाला शाळेत आणि कॉलेजात शिकलेला माणूस लागू लागला. वऱ्हाडातल्या गावागावांत कॉमर्स कॉलेजे निघाली, आणि बी.कॉम. झालेला परका मुलगाही निदान अकाउंटंट म्हणून आत बसू लागला.

महाराष्ट्र झाल्यावर मुंबईचा १९४८ चा कायदा विदर्भालाही आला. दुकानात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून एक दिवस बंद, आणि २४० दिवस काम केले की २१ दिवसांची पगारी रजा. मर्जीची रजा हक्काची झाली, असे म्हणायला हरकत नाही. प्रत्यक्षात शॉप इन्स्पेक्टर येणार असल्याची बातमी त्याच्या आधी बाजारात पोचत असे, हेही तितकेच खरे.

इथे 'तास' या शब्दापाशी थोडे थांबतो. तासावर मजुरी ही इंग्लंड-अमेरिकेतली रीत. तिथे दुकानातला मुलगा तासावर असतो आणि मॅनेजर वार्षिक पगारावर जातो. आपल्याकडे रोज असतो, महिना असतो, हुंडा असतो. तासावर पगार घेणारी शिकलेली जमात आमच्या जिल्ह्यात एकच, आणि ती म्हणजे कॉलेजातले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. दुकानाच्या नोकराच्या आयुष्यात तास शिरला तो पगारातून नव्हे, या कायद्यातून. ९ तास झाले की पुढच्या तासाला वेगळा दर, आणि तोही दुप्पट. माणूस कितीही गरीब असो, त्याच्या दहाव्या तासाची किंमत पहिल्या तासापेक्षा जास्त, ही कल्पना बाजारात कायद्याने आणली. शेठला ती सुचणे शक्य नव्हते.

परक्याने वर चढण्याची उदाहरणे आधी सहकारात दिसली. १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत सुरू झालेले 'अपना बाजार' हे त्यातले मोठे नाव. दुकान कुणा एका घराचे नाही, म्हटल्यावर गल्ल्यावर पुतण्या बसायचा प्रश्नच नव्हता. १९६२ नंतर सरकारनेही ग्राहक भांडारांना पैसा दिला. त्यातली बरीच पुढे बसली, का बसली तो वेगळा विषय. मग २००१ मध्ये बिग बझार आणि २००२ मध्ये पवईचे पहिले डीमार्ट. पुढच्या वीस वर्षांत ही पद्धत अमरावती, अकोल्यापर्यंत आली. सगळीच टिकली असे नाही. सुभिक्षा २००९ मध्ये कोसळले. बिग बझारची कितीतरी दुकाने २०२२ मध्ये रिलायन्सच्या ताब्यात गेली. सकाळी एका कंपनीचा शर्ट घालून गेलेला माणूस दुसऱ्या कंपनीचा झाला.

पण या दुकानांनी एक काम केले. शिडी कागदावर लिहिली. स्टोअर ऑपरेशन्स असिस्टंट, कॅशियर, सेल्स असोसिएट, टीम लीडर, डिपार्टमेंट मॅनेजर, स्टोअर मॅनेजर. प्रत्येक पायरीला काय यायला हवे ते लिहिलेले. राज्यातल्या काही शाळांत नववीपासून 'रिटेल' हा विषय आहे आणि त्याचे पुस्तक याच पहिल्या पायरीवर बेतलेले आहे. महाजनी लिपीच्या जागी बारकोड आला. तो वाचायला कुणाचा भाचा असावे लागत नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवले होते की मुसलमानांत स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत कमी. आमच्या पोरांसाठी दुकान म्हणजे एक तर स्वतःची हातगाडी, नाही तर दुसऱ्याच्या दुकानात जन्मभर थान उलगडणे. तिथे एखादा पोरगा २२ माणसांची पाळी लावतो आहे, माल किती आला, किती विकला, किती हरवला याचा जबाब देतो आहे, ही लहान गोष्ट नाही. मोठ्या दुकानांना नावे ठेवणारे लेख मी वाचतो, त्यातले बरेच पटतातही, पण ते लिहिणाऱ्यांना चाचांचा गल्ला आठवत नसावा.

आता त्या मिठाईच्या दिवसाकडे. अब्बा गेल्यावर पोराला मी पगार विचारला, शिक्षकाला तेवढा हक्क असतो. असोसिएट असताना १३,५०० होता, वर ओव्हरटाइम. आता १९,०००, ओव्हरटाइम नाही. 'का नाही?' 'सर, मॅनेजरला नसतो.' वहीच्या मागच्या पानावर आम्ही हिशेब मांडला. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास धरले तर १३,५०० मध्ये तास पडतो जवळपास ६५ रुपयांना. दुप्पट १३०. महिन्याला ४० तास जास्त काम केले तर ५,२००. म्हणजे असोसिएटच्या हाती १८,७००. मॅनेजर झाल्याबद्दल मिळाले ३०० रुपये, आणि दिवाळीच्या महिन्यात घरी जायची वेळ रात्री अकरा. तो गप्प बसला. मग म्हणाला, 'पण सर, पुढची पायरी स्टोअर मॅनेजरची आहे.' तेही खोटे नव्हते.

'मॅनेजरला नसतो' हे कंपनीने मनाने ठरवलेले नाही. १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. (त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला. ७० वर्षांनी पुन्हा तीच जोडी.) त्यात आठवड्याचे ४८ तास आहेत, दुप्पट दर आहे; २०२५ पर्यंत दिवसाचे ९ तास होते, सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी होती, तीन महिन्यांत १२५ तासांहून जास्त ओव्हरटाइम नव्हता. ८ दिवसांची किरकोळ रजा आहे. बायकांसाठी रात्री साडेनऊची मर्यादा आहे, त्यापुढे त्यांच्या संमतीनेच आणि सुरक्षेच्या अटींवर. दुकान मात्र वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते. आणि हा कायदा ज्यांना लागू नाही त्या यादीत एक ओळ आहे : विश्वासाच्या, व्यवस्थापनाच्या किंवा देखरेखीच्या पदावरचा माणूस. पदाला चढला की तासांचे, दुप्पट दराचे सगळे कलम त्याच्या अंगावरून उतरते.

विश्वासाचे पद. म्हणजे पुन्हा मुनीमच. जुन्या मुनीमाला तास नव्हते, पण नफ्यात हिस्सा मिळण्याची आशा तरी होती आणि शेठच्या घरच्या लग्नात मान होता. नव्या मुनीमाला तास नाहीत आणि हिस्साही नाही, टार्गेट आहे. एवढ्यावरून जुने ते सोने म्हणायला मी तयार नाही. पण मॅनेजरचा बिल्ला छातीला लावताना त्या बदल्यात काय उतरवून ठेवले, हे पोराला माहीत असले पाहिजे. बढतीच्या पत्रावर सही करण्याआधी वर केला तसा हिशेब त्याने स्वतः करावा. पगार असोसिएटच्या ओव्हरटाइमसकटच्या कमाईपेक्षा ठळक जास्त नसेल तर तसे बोलून दाखवावे. बोलल्याने नोकरी जात नाही, निदान पत्र हातात येण्याआधी तरी.

आणखी एक बाब, जी त्या मुलाला माहीत नव्हती. देखरेखीच्या माणसांना वगळायचे तर त्यांची यादी दुकानाच्या वेबसाइटवर, आणि वेबसाइट नसेल तर दुकानात दिसेल अशा जागी लावायची आणि तिची प्रत सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवायची, असे कायदा सांगतो. नुसते बिल्ल्यावर 'मॅनेजर' छापून भागत नाही. औद्योगिक विवाद कायद्याखाली, तोही १९४७ चाच, न्यायालयांनी वर्षानुवर्षे हेच धरले की हुद्द्याचे नाव बघू नका, माणूस दिवसभर काय काम करतो ते बघा. जो दिवसाचे बहुतेक तास खोके फोडतो, रॅक भरतो आणि बिलिंगवर उभा राहतो, नोकर ठेवायचा किंवा काढायचा अधिकार ज्याला नाही, रजा मंजूर करायचाही नाही, तो कागदावर काहीही असला तरी गुमास्ताच.

आणि जे गुमास्तेच राहिले त्यांचे काय? १९४८ चा कायदा ज्या गावाला लावला त्या गावात एका नोकराचे दुकानही त्यात येई. २०१७ च्या कायद्याने ती रेघ १० कामगारांवर आणली. त्याहून कमी माणसे असलेल्या दुकानाने धंदा सुरू केल्याची माहिती कळवायची, एवढेच. तास, रजा, दुप्पट दर ही कलमे त्याला नाहीत. कारंजा, वाशीम, मंगरूळपीर, रिसोड, कुठल्याही बाजारपेठेत फिरा आणि १० नोकर असलेली दुकाने मोजा. दोन्ही हातांची बोटे पुरी लागणार नाहीत असे मला वाटते. म्हणजे १९४७ मध्ये आमच्या बाजारात आलेला कायदा ७० वर्षे राहून बहुतेक दुकानांतून निघून गेला, आणि बाजारात त्याची साधी चर्चाही झाली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेघ १० वरून २० वर न्यायला, रोजचे तास ९ वरून १० करायला आणि तीन महिन्यांचा ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. चाचांच्या त्या कापडाच्या दुकानात आज सहा माणसे कामाला आहेत.